हयातीपुरतं

देवश्री : म्हणजे तुमच्यानंतर आईला काहीच नाही.

नृसिंह : काहीच नाही असं कसं? कारखान्याची पेन्शन आहे ना. माझ्यामागे तिला त्यातली निम्मी मिळेल.

देवश्री : तुम्हाला कारखान्याची किती येते?

नृसिंह : तेवीसशे.

देवश्री : बाबा.

नृसिंह : निम्मी म्हणजे साडेअकराशे. गॅस येईल त्यात. गॅस आणि थोडं दूध.

देवश्री : मी विमा कंपनीच्या पेन्शनचं विचारतेय. साडेतेरा हजारांची, जिच्यावर तुमचं दोघांचं घर चालतं, तिचं.

नृसिंह : ती माझ्या हयातीपुरती आहे. मी आहे तोवर दर महिन्याला येणार. मी गेलो की बंद.

देवश्री : आणि रिटायर होताना त्यात भरलेले अठरा लाख?

नृसिंह : ते परत मिळत नाहीत. त्या पर्यायात नसतात मिळत.

देवश्री : आणि हे मला आज कळतंय. काल नगरला डॉक्टरांनी तसं सांगितलं नसतं, तर तुम्ही आजही बोलला नसतात.

नृसिंह : डॉक्टरांनी काय नवीन सांगितलं? फुप्फुसं सुकत चाललीत हे मला अंघोळीची बादली उचलताना कळतच होतं. त्यांनी फक्त नाव सांगितलं.

देवश्री : त्यांनी दोन वर्षं म्हटलं.

नृसिंह : दोन ते तीन म्हटलं. गोळ्या घेतल्या तर. आणि जरा हळू बोल, दार उघडं आहे.

देवश्री : आई बाजारात आहे.

नृसिंह : काष्टीचा बाजार काय लांब आहे? पिशवी भरली की येईल. तिला अजून वाटतंय, साखर कारखान्यातल्या बगॅसच्या, उसाच्या भुशाच्या, धुळीचा जुना खोकला आहे, अडुळशाने जाईल.

देवश्री : मी सकाळी त्या विमा कंपनीला फोन केला होता.

नृसिंह : नाही म्हणाले असतील.

देवश्री : पेन्शन सुरू झाली की पर्याय बदलत नाही म्हणाले. पॉलिसी हातात पडल्यावर पंधरा दिवसांत बदलता आला असता.

नृसिंह : बरोबर सांगितलं त्यांनी.

देवश्री : तुम्हाला हे माहीत होतं?

नृसिंह : कारखान्याच्या टाइम ऑफिसात आयुष्य गेलं माझं. रिटायर होणाऱ्या प्रत्येक माणसाचा कागद माझ्या हाताखालून गेला. मला माहीत नसेल का?

देवश्री : मग स्वतःच्या वेळी काय झालं?

नृसिंह : दीड हजाराचा फरक होता. माझ्या एकट्याच्या नावावर घेतली तर साडेतेरा. माझ्यामागे तुझ्या आईला तेवढीच चालू ठेवायची म्हटली, तर बारा.

देवश्री : दीड हजारासाठी केलंत हे?

नृसिंह : दर महिन्याला दीड हजार. आता कुठे गेले ते विचारू नकोस. दूध, गॅस, आला-गेला. कळत नाही.

देवश्री : नाही बाबा. दीड हजारासाठी तुम्ही असं करणार नाही. तुम्ही रिक्षावाल्याचे दोन रुपये परत द्यायला स्टँडपर्यंत चालत गेलेला माणूस आहात.

नृसिंह : तुझ्या आजोबांनी तिची पत्रिका पाहिली होती.

देवश्री : कुणाची? आईची?

नृसिंह : आमचं लग्न ठरताना. गुण काठावर जुळत होते. पण वडील तिच्या वडिलांसमोर म्हणाले, मुलगी अहेवपणी जाईल, सौभाग्यात काही कमी नाही. त्यावर बैठक झाली. पेढे तिथेच वाटले.

देवश्री : आणि त्या एका वाक्यावर तुम्ही अठरा लाख लावले.

नृसिंह : मी काही पत्रिका मांडीवर घेऊन बसलो नव्हतो तेव्हा. घरात ते सगळ्यांनी धरलेलंच होतं. ती आधी, मग मी. तू नाही का ऐकत आलीस लहानपणापासून? कपाटाच्या खालच्या खणात तिचा हिरवा शालू कशासाठी ठेवलाय?

देवश्री : शेवटचा नेसवायला. मला तो खण उघडायची भीती वाटायची.

नृसिंह : मी रिटायर झालो तेव्हा तिने मला कुकर लावायला शिकवलं. डाळीत हळद किती, भाताला पाणी किती. पोळ्या नाही जमल्या, पण धिरडं येतं मला. हे कशासाठी? मी मागे राहणार म्हणून. आम्ही माझी सोय करत होतो, देवू. दोघं मिळून.

देवश्री : आणि आईची सोय?

नृसिंह : तिची लागणारच नव्हती.

देवश्री : लागणारच नव्हती?

नृसिंह : अशी बघू नकोस माझ्याकडे. एजंट इथेच बसला होता, त्या खुर्चीत. त्याने विचारलं, काकूंचं नाव घालायचं का, थोडी कमी बसेल. ती चहा घेऊन आली होती. हसली आणि म्हणाली, माझ्यासाठी कशाला कमी करून घेता, मी काही यांच्यामागे राहत नाही. एजंटही हसला. मी सही केली.

देवश्री : सकाळची गोळी घेतलीत?

नृसिंह : पाकीट फोडलेलं नाही. मेडिकलवाला म्हणाला, फोडलं नाही तर परत घेतो.

देवश्री : काल आणलेली औषधं परत करायला निघालात तुम्ही?

नृसिंह : महिन्याच्या अकरा हजारांच्या गोळ्या आहेत त्या. कुठल्या योजनेत बसत नाहीत. आता बघ, गोळ्या घ्यायच्या म्हणजे जगायचं. जगलो की पेन्शन येणार. पेन्शन आली की गोळ्या आणायच्या. मग तुझ्या आईने काय खायचं? बँकेत पाच लाखांची एफडी आहे, ती मोडायची. तेवढेच तर तिचे आहेत.

देवश्री : आणि नाही घेतल्या तर?

नृसिंह : तर मी लवकर आटोपतो. पाच लाख शाबूत राहतात.

देवश्री : गोळ्यांचे पैसे मी देते.

नृसिंह : पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता कोण देतं?

देवश्री : आम्ही दोघं.

नृसिंह : आणि तुझं स्वतःचं काय आहे? तुझा पीएफ, तुझा विमा. अनिमेषच्या पॉलिसीवर कुणाचं नाव आहे?

देवश्री : ते सगळं अनिमेष बघतो.

नृसिंह : म्हणजे तुला माहीत नाही.

देवश्री : लग्नाआधीची पॉलिसी आहे त्याची. त्याच्या आईचं असेल अजून. बाबा, आत्ता माझं काय काढलंत?

नृसिंह : काही नाही. विचारलं.

देवश्री : आईला आज सांगायचं.

नृसिंह : आजार सांगू. पेन्शनचं नको.

देवश्री : दोन्ही सांगायचं. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन.

सुनीती : दार सताड उघडं टाकून बसलात होय दोघं? मांजर दुधात तोंड घालून जाईल आणि तुमच्या गप्पा चालूच राहतील. देवू, ही पिशवी धर, गवारीवर टोमॅटो ठेवू नकोस. आणि बघा कोण भेटलं मला वाटेत. ये ग बनुबाई, आत ये. देवू, ओळखलंस का? कारखान्याच्या गव्हाणीवर पुंजाराम होता बघ, ऊस टाकायला, त्याची बायको.

बनुबाई : न्हाई वळखायच्या त्या. लई ल्हान हुत्या. भाऊसाहेब, बरं हाय का? लई वाळला वो तुमी.

नृसिंह : वय झालं. बस. हयातीच्या दाखल्यासाठी आलीस ना?

बनुबाई : व्हय. मोबाईलमंदी जिती हाय म्हनून दाखवायचंय. मागल्या साली तुमीच केलं हुतं. ब्यांकेतला पोरगा म्हनला, आजी, तुमचं आवंदा आलं न्हाई, पेन्शन थांबंल.

नृसिंह : आधार कार्ड आणलंस? दे. देवू, तुझा मोबाईल दे, माझ्यावर चेहरा अंधारा येतो. बनुबाई, इकडे उजेडाकडे तोंड कर. पदर थोडा मागे घे.

बनुबाई : आता डोळं मिचकवू का?

नृसिंह : थांब. तो सांगेल तेव्हा. हं, आता.

बनुबाई : एकदा का दोनदा?

नृसिंह : झालं. वर्षभर काळजी नाही.

बनुबाई : एवढ्यानं व्हतंय, आन त्यो पोरगा मला श्रीगोंद्याला चकरा माराया लावतोय. ताई, तुमाला सांगते, हे मिळतंय ते तुमच्या वडलांमुळं.

नृसिंह : माझ्यामुळे काही नाही. कायद्याने मिळतं.

बनुबाई : कायद्यानं काय घंटा मिळतंय. आमचे मालक समद्या कागदावर थोरल्या भावाचं नाव घालाया निघाले हुते. पाथर्डीकडं आमच्यात तसंच. थोरला कारभारी, त्येच्या हातात समदं. ह्ये भाऊसाहेब म्हनले, पुंजाराम, लगीन झालंय न्हवं तुजं? मंग बायकूचं नाव घाल. न्हाईतर कागद म्होरं सरकवत न्हाई. मालक लई चिडले. घरी यून माज्यासंगं बोलंनात. मला वाटलं, म्या काय केलं?

सुनीती : हे मला कधी सांगितलं नाही यांनी.

बनुबाई : कशाला सांगत्यात. मंग मालक गेलं, तवा थोरल्या दिरानं भांडं सुदीक दिलं न्हाई. पर ह्ये बाराशे दर म्हैन्याला येत्यात. बाराशेच हायत, पर माजे हायत. च्या पावडर संपली तर सुनंच्या तोंडाकडं बघावं लागत न्हाई. वैनी, भाऊसाहेबांनी तुमचं तर समदं बैजवार करून ठिवलं असंल.

सुनीती : माझं कशाला करतील? मी आधी जाणार. सासऱ्यांनी सांगूनच ठेवलंय तसं. यांना वरण-भात येतो आता, मला काळजी नाही.

बनुबाई : नगा वो असं वंगाळ बोलू दिवसाढवळ्या.

देवश्री : आई, पुरे.

सुनीती : तुला काय झालं?

देवश्री : काही नाही. पुरे म्हटलं.

बनुबाई : येते म्या. च्या नगं वैनी, टेम्पो जाईल माजा. भाऊसाहेब, जीवाला जपा. पुढल्या साली यायचंय मला.

नृसिंह : ये. पण तुझ्या नातवालाही शिकवून ठेव हे. सोपं आहे.

बनुबाई : त्येला कुठला येळ. तुमीच बरं हाय. येते.

सुनीती : तिच्यादेखत अशी काय ग तोंड टाकून बोललीस? बिचारी चहा न घेता गेली. आणि डोळे का लाल झालेत? अहो, हिचं आणि अनिमेषचं काही बिनसलंय का?

नृसिंह : नाही. तू बस आधी.

सुनीती : भाजी निवडायची आहे.

नृसिंह : बस ग.

सुनीती : बसले. काल नगरला काय म्हणाले डॉक्टर? रात्री विचारलं तर तुम्ही म्हणालात, औषध बदललं.

नृसिंह : औषध बदललं हे खरं. तो खोकला धुळीचा नाही. म्हणजे धुळीने झालं असेल, सांगता येत नाही. फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत. झालेली मऊ होत नाहीत. गोळ्यांनी वेग कमी होतो, बाकी काही नाही.

सुनीती : देवू, हे काय सांगतायत?

देवश्री : खरं सांगतायत आई.

सुनीती : ऑपरेशन वगैरे?

देवश्री : या वयात नाही करत.

सुनीती : मग किती?

नृसिंह : दोन वर्षं. गोळ्या घेतल्या तर. कदाचित तीन.

सुनीती : असं कसं?

नृसिंह : असंच आहे.

सुनीती : नाही, पण मग मी आधी कशी जाणार?

नृसिंह : नाही जाणार. माझ्या अंदाजाने तू नाही जाणार आधी.

सुनीती : मामंजी तर म्हणाले होते.

नृसिंह : वडील चुकले.

सुनीती : मामंजींचं कधी चुकलं नाही. पंचक्रोशीतून लोक यायचे त्यांच्याकडे.

नृसिंह : माझ्या छातीचा फोटो बघितला मी काल. चुकले ते.

(सुनीती उठते आणि पिशवीतली भाजी जमिनीवर काढत राहते.)

देवश्री : आई, अजून एक आहे.

नृसिंह : मी सांगतो. विमा कंपनीची पेन्शन मी गेल्यावर बंद होणार. ती फक्त माझ्या हयातीपुरती आहे. तुला ती मिळणार नाही.

सुनीती : मग मला काय मिळणार?

नृसिंह : कारखान्याची निम्मी. बनुबाईला मिळते तेवढीच.

सुनीती : बाराशे.

नृसिंह : साडेअकराशे.

सुनीती : पुंजारामचा कागद तुम्ही पुढे सरकवला नाहीत. बायकोचं नाव घाल म्हणून. तीन बिड्या ओढून मग सही करणारा माणूस तो, त्याच्याशी भांडलात. आणि माझं नाव घालायचं राहिलं?

नृसिंह : राहिलं नाही. एजंटने विचारलं होतं. तू इथेच होतीस. तूच म्हणालीस, मी काही यांच्यामागे राहत नाही.

सुनीती : म्हणाले.

नृसिंह : मग?

सुनीती : चहा देता देता म्हणाले. हळदीकुंकवाला गेलं की सगळ्याच म्हणतात, तसं म्हणाले. तुम्ही ते खरं धरून सही केलीत?

नृसिंह : चाळीस वर्षं म्हणत होतीस तू.

सुनीती : आणि चाळीस वर्षं मला वाटत होतं, एकदा तरी तुम्ही म्हणाल, असं बोलू नकोस. परकी बाई म्हणून गेली आत्ता. तुम्ही नाही म्हणालात कधी.

नृसिंह : मला वाटायचं तुला ते हवंय.

सुनीती : मरण कुणाला हवं असतं?

देवश्री : आई, मग ते शालू वगैरे कशासाठी होतं सगळं?

सुनीती : तू तुझ्या आजीला फार बघितलं नाहीस. मी बघितलंय. मामंजी गेल्यावर त्या तीन मुलांकडे चार-चार महिने राहायच्या. एकादशीच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभ्या राहायच्या. बोलायच्या नाहीत. मी समजायचे, साबुदाणा हवाय. मी यांच्याकडून पैसे मागून आणायचे. म्हणजे त्या माझ्याकडे मागणार, मी यांच्याकडे. एवढी मानाची बाई, पण दाराशी उभी राहायची तेव्हा मला बघवायचं नाही. तेव्हापासून मी म्हणायला लागले, देवा, मला आधी ने. मला मरायचं नव्हतं ग. मला तसं दाराशी उभं राहायचं नव्हतं.

नृसिंह : हे तू मला कधी बोलली नाहीस.

सुनीती : तुमच्या आईबद्दल तुम्हाला काय बोलायचं? तुम्हाला दिसत नव्हतं का?

नृसिंह : नव्हतं. खरंच नव्हतं दिसत. मला वाटायचं, आईला काही लागत नाही.

देवश्री : आई, तुझ्यावर तशी वेळ येणार नाही. मी आहे ना. तू पुण्याला ये माझ्याकडे.

सुनीती : येईन की. आठ दिवस येईन. पंधरा दिवस येईन.

देवश्री : बरं, इथे राहा. मी दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे टाकत जाईन. आपोआप येतील तुझ्या खात्यात, तुला बोलावंही लागणार नाही.

सुनीती : आणि एखाद्या पाच तारखेला नाही आले तर?

देवश्री : येतील ग.

सुनीती : नाही आले तर मी काय करायचं? तुला फोन करायचा, की सहा तारखेची वाट बघायची? सांग ना. तुझी नोकरी आहे, तुझी लेक आहे, हप्ता आहे. अनिमेष चांगला मुलगा आहे, तो तोंडाने काही म्हणणार नाही. पण मी फोन हातात घेऊन बसेन, देवू. तुझ्या आजीसारखी.

देवश्री : मग मी काय करू? तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंत, मला कुणी विचारलं नाही, आणि आता मी देते म्हटलं तर तेही नको. मी काय करायचं ते सांगा मला कुणीतरी.

नृसिंह : रडू नकोस. चूक माझी आहे.

सुनीती : हो, तुमचीच आहे. मी नाही म्हणणार नाही. मला राग आलाय तुमचा. आत्ता तुम्ही आजारी आहात म्हणून तो कुठे ठेवायचा ते मला कळत नाहीये.

नृसिंह : ठेवू नकोस. काढ.

सुनीती : तुमच्याकडे बघितलं की निघत नाही. देवू, हे पाकीट कसलं टेबलावर? नवीन गोळ्या ना या? न फोडलेलं का आहे?

देवश्री : विचार त्यांनाच.

नृसिंह : परत देतोय ते. महाग आहेत. त्यांच्यावर आपली पेन्शन जाणार आणि घराला एफडी मोडावी लागणार. ते पाच लाख तुला राहू देत. मी आता एवढीच दुरुस्ती करू शकतो.

सुनीती : म्हणजे तुम्ही लवकर जाणार आणि मला पाच लाख ठेवणार.

नृसिंह : तेवढंच हातात आहे माझ्या.

सुनीती : आणि हे मला न विचारता.

नृसिंह : विचारलं असतं तर तू हो म्हणाली नसतीस.

सुनीती : या वेळीही नाही विचारलंत.

(सुनीती गोळ्यांचं पाकीट उचलून स्वतःजवळ घेते.)

सुनीती : लोक रिटायर व्हायचे तेव्हा तुमच्याकडे येऊन बसायचे. पैसे कसे पुरवायचे म्हणून. काय सांगायचात त्यांना?

नृसिंह : आधी विचारायचो, किती वर्षं जगाल असं धरता? बहुतेक जण हसायचे. सत्तर म्हणायचे, बहात्तर म्हणायचे. मी सांगायचो, आपलं मरण स्वतःच्या सोयीने धरू नका. घरात जो सगळ्यांत जास्त जगला त्याचं वय धरा.

सुनीती : मला विचारा.

नृसिंह : आता काय उपयोग?

सुनीती : उपयोग नसला तरी विचारा. इतक्या लोकांना विचारलंत.

नृसिंह : तुझ्या माहेरी सगळ्यांत जास्त कोण जगलं?

सुनीती : आई. त्र्याण्णवची होऊन गेली. शेवटपर्यंत सुईत दोरा ओवायची.

नृसिंह : मग नव्वद तरी धर.

सुनीती : मी एकसष्टची आहे.

नृसिंह : म्हणजे एकोणतीस वर्षं.

सुनीती : एवढी?

नृसिंह : एवढी.

सुनीती : त्यातली तुमच्यासोबतची किती?

नृसिंह : दोन. तिसरं धरू नकोस. गोळ्या घेतल्या तर दोन.

सुनीती : आणि पाच लाखांत माझी एकोणतीस बसतात?

नृसिंह : नाही बसत.

सुनीती : काटकसर केली तर?

नृसिंह : कशीही मांडली तरी नाही बसत. काल रात्रभर तेच करत होतो.

सुनीती : मग तुमची दोन तरी बसवू. देवू, डोळे पूस आणि बाबांना गोळीसाठी पाणी आण.